पाय पसरायला जागा

त्या लढाऊ विमानाला सगळे नणंदबाई म्हणायचे. आली तीच तोंड वाकडं करून. कारखान्यातून आणलं त्याच दिवशी उतरताना तिचं एक चाक दुमडलं. पुढे महिन्याभरात भर आकाशात इंजिन बंद पडलं आणि ती नांगरलेल्या शेतात जाऊन बसली. दोन्ही वेळा पायलट वाचले, आणि दोन्ही वेळा मिस्त्रींनी तिला उघडून पाहिलं तर नाव ठेवायला जागा नाही. लढाई चालू होती, विमानं कमी होती. खोड्या काढते म्हणून नणंदेला कुणी घराबाहेर काढत नाही.

मी विमानतळावरच्या दुरुस्तीखात्यात शिलाईला होते. विमानाचं अंग पत्र्याचं, पण शेपटीचं सुकाणू कापडाचं. ते फाटलं की नवं कापड ताणून शिवायचं, हे माझं काम. धाकटा भाऊ पायलट. उंचीच्या परीक्षेत काठावर पास झालेला, म्हणून त्याला बटू म्हणत. आम्ही दोघं विमानतळाजवळ एक खोली घेऊन राहायचो.

नणंदबाई कुणाच्या मुठीत राहिली असेल तर ती ताडाच्या. ताड म्हणजे बटूचा वरिष्ठ, नावाप्रमाणे उंच. जाकिटाच्या बाह्या वाढवून घ्यायला आमच्याकडे पहिल्यांदा आला, तेव्हा दाराच्या चौकटीवर असा आपटला की माझ्या हातातला कप हिंदकळला. मग दर वेळी मान वाकवून यायचा आणि गुडघे मावत नाहीत म्हणून खुर्ची टेबलापासून हातभर मागे ओढून बसायचा. तो मला फार आवडायचा. बोलले नाही, म्हटलं, लढाई संपू दे.

एका दुपारी नणंदबाई सरळ आली, अलगद टेकली आणि धावपट्टीच्या टोकाला जाऊन थांबली. ताड काही उतरेना. वरचं काचेचं झाकण उघडलं तर तो गेलेला होता. डॉक्टर म्हणाले, जमिनीला टेकायच्या बऱ्याच आधी गेलाय. पाय पेडलवर ताठ ताणलेले. विमानाला गोळ्यांची दोन भोकं, बाकी ओरखडासुद्धा नाही.

सुकाणू वळवायची ती पेडलं पायलटच्या पायांच्या मापानं पुढेमागे सरकवता येतात. त्या दिवसापासून नणंदबाईची पेडलं शेवटच्या खाचेत सापडायला लागली. मिस्त्री जवळ ओढायचे, सकाळी बघावं तर पुन्हा लांब. पुढचा पायलट उतरताना खड्ड्यात गेला, तो वाचला नाही. त्यानंतरचा पेट्रोलच्या गाडीवर आदळला. कंबर मोडून दवाखान्यात पडला होता, तिथून म्हणाला, "पाय पोचेनात. चढताना पोचत होते." चौकशीवाल्यांनी दोघांच्याही माथी हलगर्जीपणाचं खापर फोडलं आणि मोकळे झाले.

मी हसण्यावारी नेलं. दुसऱ्याच्या घरातलं भूत हसण्यावारीच जातं. मग नणंदबाई बटूच्या वाट्याला आली.

तिच्या सुकाणूचं कापड शिवायला मीच होते. दुपारची वेळ, बाकीचे जेवायला गेलेले. मी शेपटीशी स्टुलावर बसून सुई आरपार घातली आणि सुकाणू हाताखालून डावीकडे सरकलं. हळूच. मग उजवीकडे. बसून बसून आखडलेला माणूस आधी एक पाय लांब करतो, मग दुसरा, तसं. सुकाणूच्या तारा थेट पेडलांपर्यंत जातात. मी शिडीवर चढून पाहिलं. झाकण बंद, आत कुणी नाही. सकाळी मिस्त्रींनी माझ्यादेखत जवळ घेतलेली पेडलं शेवटच्या खाचेत होती.

मिस्त्री जेवून आले तेव्हा मी त्यांना शिडीपाशीच गाठलं. "ती पेडलं तारेनं बांधायची. बटूच्या मापाला."

"बांधू की. पण जागा बंद केलीस तर ताड बसायचा कुठं, पोरी?"

"कुठंही बसू दे. मला माझा भाऊ घरी हवाय."

मिस्त्रींनी पक्कड दिली. तार मीच पिळली, हात सोलवटेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी बटू उडाला. तो परत येईपर्यंत मी एक टाका धड घातला नाही. नणंदबाई सरळ आली आणि अलगद टेकली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मिस्त्रींनी आत वाकून पाहिलं आणि मला लांबूनच हात केला: तार जशीच्या तशी. मी घरी जाऊन चहाचं आधण ठेवलं आणि पोटभर रडले. इतकं हलकं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

संध्याकाळी बटू आला. आत येताना त्यानं मान वाकवली. चौकट त्याच्या डोक्यापासून चांगली वीतभर वर होती.

"काय रे, मान कशाला वाकवलीस?"

"सवय," तो म्हणाला. आवाज बटूचाच होता.

त्यानं खुर्ची टेबलापासून हातभर मागे ओढली आणि बसला. मी कप पुढे ठेवला. "बटू," मी हाक मारली. त्यानं वर पाहिलं नाही. पुन्हा हाक मारली तेव्हा पाहिलं, आणि हसला. ती नजर माझ्या ओळखीची होती. तिची मी किती वाट पाहिली होती. माझ्या भावाच्या डोळ्यांत ती दिसली आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"उद्या जाऊन ती तार कापते मी," मी म्हटलं.

"राहू दे ना," तो मायेनं म्हणाला. "किती दिवसांनी पाय पसरायला जागा मिळालीय."

मी टेबलाखाली वाकून पाहिलं. बटूचे आखूड पाय, एरवी खुर्चीखालीच मावणारे, सावकाश पुढे ताणले जात होते. आधी डावा, मग उजवा.