सांता ल्युचियाची किल्ली

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी किल्ली आहे. लांबीला वीतभर आणि वजनाला चांगली जड. इटलीतील मोंतेरेल्ला नावाच्या डोंगरगावात, सांता ल्युचियाच्या चर्चच्या दाराला माझ्याशिवाय दुसरी किल्ली नाही. साबातिनो लोहाराने मला घडवले तेव्हा गावात चारशे माणसे होती. आता एकेचाळीस आहेत. माझे दाते झिजले आहेत आणि खरे सांगायचे तर मी दमले आहे.

पूर्वी मी पहाटे कुलपात फिरत असे आणि दार दिवसभर उघडे राही. हळूहळू माणसे शहरांत गेली आणि मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामुदायिक प्रार्थना, महिन्यातून एकदा होऊ लागली. मग चर्च बंद, आणि मी चर्चची देखभाल करणाऱ्या झेल्मिराच्या स्वयंपाकघरात चाळणीशेजारच्या खिळ्यावर. चर्चच्या दारावर एक पाटी आहे: 'किल्लीसाठी खालच्या हिरव्या दाराच्या घरी विचारावे.' जुनी चर्च बघत हिंडणारे लोक ती पाटी वाचतात आणि नेमके झेल्मिराच्या जेवणाच्या वेळी दार वाजवतात. झेल्मिरा हातातला घास ठेवून उठते. चौऱ्याऐंशी पायऱ्या चढायच्या, दार उघडायचे, पाहुण्यांचे भिंतीवरची चित्रे पाहून होईपर्यंत थांबायचे आणि पुन्हा उतरायचे. पाहुणे माझेही फोटो काढतात. "काय सुंदर किल्ली आहे हो!" म्हणतात. झेल्मिराच्या सुजलेल्या गुडघ्यांचा फोटो अजून कोणी काढलेला नाही.

ती एकोणऐंशी वर्षांची झाली त्या वर्षीच्या ऑक्टोबरात, एका शनिवारी, पादोव्हाचे निवृत्त शिक्षक फेर्रुच्चो आणि त्यांची पत्नी लिविया आपली ओळख सांगत दारात उभे राहिले. झेल्मिराने एकदा पायऱ्यांकडे पाहिले, एकदा गुडघ्यांकडे. आयुष्यात प्रथमच तिने मला परक्याच्या हाती दिले.

"तुम्हीच उघडा, मास्तर. पण परत आणून द्या हं. दुसरी नाहीये."

"अहो, म्हणजे काय! अर्ध्या तासात आणतो."

त्यांनी चर्च मन लावून पाहिले. पण ते दार लावायचे म्हणजे दोन्ही हातांनी ओढावे लागते. मास्तरांनी कुलूप लावून मला लिवियाच्या पुस्तकांच्या पिशवीत टाकले आणि दोन्ही हातांनी ओढून दार नीट बसले का ते पाहिले. तेवढ्यात त्यांच्या मुलीचा फोन आला. बोलत बोलत दोघे वरच्या वाटेने गाडीकडे गेले आणि गाडी निघाली.

अशी मी म्हातारपणी प्रवासाला निघाले. तेर्मोलीचे कॅथीड्रल पाहिले, दुसऱ्या दिवशी त्रानीचे पाहिले. समुद्राच्या अगदी काठावर पांढऱ्या दगडाचे केवढे ते बांधकाम! तिथली दारे सताड उघडी होती आणि माणसांची रीघ लागली होती. पिशवीच्या तोंडातून मी सगळे पाहत होते, पण मला हौस वाटत नव्हती. माझे दार बंद होते आणि मी इथे होते.

त्या संध्याकाळी लिविया चष्मा शोधू लागली आणि तिच्या हाताला मी लागले.

"अरे देवा! फेर्रुच्चो, तू तर अख्खं चर्चच उचलून आणलंस!"

मास्तरांचा चेहरा उतरला. त्यांनी मोंतेरेल्लाच्या ग्रामकचेरीत फोन लावला. रविवार होता, कोणी उचलला नाही.

"उद्या पोस्टानं पाठवू," ते पुटपुटले. "पुढच्या हॉटेलचं सगळं ठरलंय गं."

"ती बाई काय म्हणाली होती? दुसरी नाहीये म्हणाली होती. मला तरी जेवण जाणार नाही."

सोमवारी उजाडताच त्यांनी गाडी उलटी वळवली.

इकडे काय झाले होते ते मला मागाहून कळले. शनिवारी संध्याकाळीच झेल्मिराचे दीर गेरार्दो वारले होते. आमच्या चर्चची घंटा त्यांनी चाळीस वर्षे वाजवली होती. मला शेवटचे याच चर्चमधून न्या, एवढेच त्यांनी लेकीला सांगून ठेवले होते. फादर क्विरिनो म्हणाले, खालच्या गावातल्या चर्चमध्ये नेऊ. झेल्मिरा ऐकेना. दोन दिवस तिच्या घशाखाली घास उतरला नव्हता.

आम्ही पोहोचलो तेव्हा शवपेटी पायऱ्यांवर टेकवलेली होती. रोक्को सुतार पहार घेऊन दारापाशी उभा होता, पण त्याचा हात उठत नव्हता. दोनशे वर्षांचे अक्रोडाचे लाकूड होते ते.

"थांबा! थांबा!" मास्तर धापा टाकत पायऱ्या चढले. मला दोन्ही हातांत धरून ते झेल्मिरापुढे उभे राहिले.

झेल्मिराने त्यांना नखशिखान्त न्याहाळले. "काय हो मास्तर, शाळेत पोरांना हेच शिकवलंत का? दुसऱ्याची वस्तू पिशवीत घालून चालतं व्हायला?"

गेरार्दोची लेक रडता रडता हसली. मग सगळेच हसले. मास्तरांचे मात्र डोळे भरून आले.

झेल्मिराने मला कुलपात घातले, पण तिच्या एकटीच्या जोराने मी फिरेना. रोक्कोने पहार खाली ठेवली आणि आपला हात तिच्या हातावर ठेवला. मी फिरले. गेरार्दो आत गेले. मागच्या बाकावर मास्तर आणि लिविया शेवटपर्यंत डोके झुकवून बसले होते.

सगळे उरकल्यावर झेल्मिरा पायरीवर बसली आणि म्हणाली, "आता माझ्याच्यानं होत नाही रे."

गावाला हे कधीच दिसायला हवे होते. शेवटी रोक्कोची बायको जेल्सोमिना पुढे आली. "या महिन्यात माझ्याकडे राहू दे, झेल्मिराकाकू. पुढच्या महिन्याचं कोण ते ठरवू."

झेल्मिराने मला डोक्यावरच्या ओढणीच्या टोकाने पुसले. "जपून हं," ती म्हणाली. मला म्हणाली की जेल्सोमिनाला, कोण जाणे.

मित्रांनो, आता मी घरोघर फिरते. थकवा गेलेला नाही. लोखंडाचा थकवा जात नसतो. तुम्हीही कधी अशी जुनी चर्च पाहायला याल. अवश्य या, चित्रे पाहा, कमानी पाहा. पण किल्ली घेऊन कोणी म्हातारी पुढे चालत असेल, तर तिला मागे टाकून पळू नका. तिच्या चालीने चढा. दार कुठे पळून जात नाही.