आधी खुर्चीत बसायचं

मानसशास्त्र विभागाच्या जुन्या प्रयोगशाळेत आता संगणक आलेत. परवा माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याला गेले, तेव्हा माझी नजर मात्र एका लाकडी खुर्चीलाच शोधत होती. सापडली. कोपऱ्यात होती, तिच्यावर कुणाच्या तरी छत्र्या वाळत घातलेल्या.

आमच्या सरांचा नेमच होता. दुसऱ्यावर प्रयोग करण्याआधी स्वतः त्या खुर्चीत बसायचं. "लोकांच्या डोक्यात शिरायचंय ना? मग आधी त्यांच्या जागी बूड टेका," असं म्हणायचे.

माझं संशोधन स्मरणशक्तीवर होतं. सकाळचं जास्त लक्षात राहतं की दुपारचं? फिरत्या ड्रमच्या झरोक्यातून 'मिफ', 'झोक', 'टुव' असे अर्थ नसलेले शब्द एकेक करून दिसायचे आणि खुर्चीतल्या माणसानं नंतर ते आठवून लिहायचे. वर्षभर खपले. आकडे आले आणि मी हरखूनच गेले. सकाळच्यांनी दुपारच्यांना पार मागं टाकलं होतं! परिषदेत निबंध वाचायचं ठरलं. तो गाजला तर विभागातली रिकामी जागा मलाच मिळणार, असं सगळे धरून चालले होते.

निघायच्या आदल्या आठवड्यात सर म्हणाले, "मला बसव खुर्चीत."

"मी बसले होते की, सर."

"तू तुझ्याच प्रयोगात बसलीस. तुला सगळं आधीच पाठ."

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते आले. दुपारी बारापर्यंत मी बोलत नसे. आईच्या दुखण्यात घेतलेलं व्रत. आई बरी झाली, व्रत राहिलं. म्हणून मी सूचनांचं कार्ड त्यांच्यापुढे ठेवलं : शब्द क्रमानं नकोत, आठवतील तसे लिहा. सरांनी वाचलं आणि भराभर लिहून टाकलं.

जेवण करून ते परत आले. आता मी तोंडी सूचना दिल्या. सर ढिम्म.

"काय म्हणालीस?"

मी पुन्हा सांगितलं.

"बाई गं, तू सांगतेयस की मनातल्या मनात म्हणतेयस?"

पलीकडच्या टेबलावर माझी मैत्रीण खुदकन हसली. "सर, मुकी मैना बोलली हेच नशीब समजा!"

पण हसता हसताच ती थांबली. तिची नजर टेबलावरच्या कार्डावर गेली, मग माझीही. सकाळच्यांना कार्ड, दुपारच्यांना माझी कुजबुज. दुपारचे बिचारे क्रम लावण्यात झटत बसले असणार. 'क्रम नको' हे त्यांच्या कानापर्यंत पोचलंच नव्हतं.

"म्हणजे मी वेळ मोजलीच नाही," मी कार्ड उचलत म्हणाले.

"मग काय मोजलंस?"

"माझा आवाज."

सर हसले नाहीत. मीच म्हटलं, "सर, मी व्रत सोडते. सकाळीही बोलेन."

"व्रतानं तुझं काय घोडं मारलंय? दुपारीही कार्डच दे."

"आणि परिषद?"

"जाऊ दे गं. हे आकडे घेऊन उभी राहशील तिथं?"

नाही राहिले. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, सगळ्यांना कार्ड दिलं. यावेळी सकाळ-दुपार सारखीच निघाली. जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. मी दूरच्या एका छोट्या कॉलेजात लागले आणि तिथंच रमले. माझ्या प्रबंधाचं शेवटचं वाक्य होतं : फरक आढळला नाही. सरांनी ते वर्गात दोनदा वाचून दाखवलं, पोरीच्या लग्नाची पत्रिका वाचावी तसं.

परवाच्या मेळाव्यात तीच मैत्रीण माझ्याही वाटचं बोलत होती, पूर्वीसारखंच. मी छत्र्या उचलून बाजूला ठेवल्या आणि खुर्चीत बसले. खुर्चीच्या हातांवरचं पॉलिश उडालेलं, पण बैठक तीच.

एक तरुण प्राध्यापिका लगबगीनं आली. "मॅडम, काही हवंय का?"

बारा वाजायचे होते. मी पर्समधून एक कोरं कार्ड काढलं आणि त्यावर लिहिलं : काही नको, जरा बसते.

तिनं वाचलं, आणि कोण जाणे का, माझ्याइतक्याच हळू आवाजात म्हणाली, "बसा ना."

मला अगदी नीट ऐकू आलं.