ऑफिसची मागची भिंत

तातेराव साळवेला भट्टीने कधी पाडलं नव्हतं. जालन्याच्या एमआयडीसीतल्या एका रोलिंग मिलमध्ये एकवीस वर्षं तो तांबडी सळई सांडशीने धरून रोलरच्या तोंडात देत आला होता. तिथे निदान माणसं आलटून पालटून उभी राहतात, मीठ-लिंबाचं पाणी मिळतं, अंगावर मोठा पंखा असतो. तो पडला तो घरात, भर दुपारी, स्वतःच्या बाजेवर.

रात्रपाळी करून सकाळी आठला यायचं, भाकर खायची आणि चारपर्यंत झोपायचं, हा त्याचा नेम. घरामागे मोकळा प्लॉट होता, त्यात पाच कडुलिंब. मागची खिडकी उघडी टाकली की मे महिन्यातही डोळा लागायचा. तीन वर्षांपूर्वी एका बियाणे कंपनीने तो प्लॉट घेतला. कडुलिंब तोडले आणि तीन मजली ऑफिस उभं केलं. रस्त्याकडून नुसती काच. काचेतून ऊन आत येतं म्हणून खोलीखोलीत एसी, आणि त्या एसींचे बाहेरचे डबे मागच्या भिंतीवर, तातेरावच्या खिडकीपासून सहा फुटांवर. एकूण चव्वेचाळीस डबे. सकाळी साडेनऊला ते सुरू व्हायचे आणि गल्लीत भट्टीचं दार उघडल्यासारखी हवा यायची. खिडकी उघडी ठेवली तर ती हवा, बंद केली तर वरून तापलेला पत्रा.

शेजारची शहाजादी शिलाईकाम करायची. दुपारी मशीनचं चाक हाताला चटका देई, म्हणून तिने काम पहाटेवर नेलं होतं. तातेरावची झोप कुठे नेणार?

त्या दिवशी दोनच्या सुमारास तातेरावची बायको बेबीनंदा नळावरून पाणी घेऊन आली, तर तो बरळत होता. अंग तापलेलं आणि कोरडं, घामाचा थेंब नाही. शहाजादीचा नवरा गयासोद्दीन याची रिक्षा दारातच होती. त्याने तातेरावला उचलून आत घातलं आणि सरकारी दवाखाना गाठला.

"भट्टीवर काम करताना झालं का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"न्हाई मॅडम. घरात झोपल्ते," बेबीनंदा म्हणाली.

 डॉक्टरीणबाईंनी कागदावर उष्माघात लिहिलं.

चार दिवसांनी सुट्टी देताना त्या म्हणाल्या, "दुपारी यांना गार जागेत ठेवा. पुन्हा असं झालं तर अवघड होईल." मिलच्या ठेकेदाराने तर पहिल्याच दिवशी हात झटकले होते. माणूस ड्युटीवर नव्हता, आपला संबंध नाही.

बेबीनंदा अर्ज घेऊन सरकारी कचेरीत गेली. बरोबर तिची मुलगी अक्षता होती. कॉलेजच्या प्रयोगशाळेतून मागून आणलेल्या तापमापकाने तिने तीन दिवस आकडे लिहिले होते. दुपारी तीनला रस्त्यावर सावलीत बेचाळीस, घरात अठ्ठेचाळीस.

साहेबांनी कागद उलटासुलटा केला. "हे यंत्र प्रमाणित आहे का?"

"कॉलेजचं आहे सर."

"म्हणजे नाही. हे बघा, आज अख्खं जालना तापलंय. इमारतीला सगळ्या परवानग्या आहेत. डबे त्यांच्या भिंतीवर, त्यांच्या हद्दीत आहेत."

"डबे त्येंच्या हद्दीत हायेत," बेबीनंदा म्हणाली. "हवा माझ्या हद्दीत येऊन राह्यली. तिला परवानगी कोण दिली?"

साहेबांनी पुढच्या माणसाला आत बोलावलं.

परतताना तिच्या डोक्यात एकच घोळत होतं.  एकवीस वर्षं आगीपुढे उभा राहिलेला माणूस घरी निजला म्हणून मरता मरता वाचला, आणि कुणाचीच चूक नाही. डॉक्टरीणबाईंचे शब्द तिच्या कानात होते, गार जागेत ठेवा. वस्तीत तशी जागाच नव्हती. होती ती एकच, भिंतीपलीकडे.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता बेबीनंदा तातेरावला हाताला धरून ऑफिसच्या काचेच्या दारातून आत गेली. मागे शहाजादी आणि गल्लीतल्या सहाजणी. आत गेल्याबरोबर अंगावर काटा आला, इतकं गार. बेबीनंदाने चटई अंथरली, तातेरावला झोपवलं आणि उशाशी बसली. स्वागताच्या टेबलावर बसणाऱ्या साधना नावाच्या मुलीने आधी हटकायला तोंड उघडलं, मग तातेरावच्या चेहऱ्याकडे पाहून पाण्याची बाटली आणून ठेवली. दहा मिनिटांत तो घोरू लागला.

मॅनेजर कुलथे जिना उतरून आले. "ताई, हे काय चाललंय? ऑफिस आहे हे."

"डॉक्टर म्हणल्या गार जागेत ठेवा. आमच्या घरचा गारवा तुम्ही इथं घेऊन आलात. मंग आम्ही बी इथंच आलो."

"अहो, आमचा नाइलाज आहे. बियाण्याचे नमुने गार ठेवावेच लागतात. उष्णतेनं बी खराब होतं, उगवत नाही."

शहाजादी पुढे सरकली. ती म्हणाली, "बी खराब होतं हे बराबर समजतं साहेब तुम्हाला. आन् माणूस?"

कुलथे जिना चढून वर गेले. सहापर्यंत बायका हलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा आल्या. तिसऱ्या दिवशी कुलथे स्वतःच म्हणाले, चला, घर दाखवा. पाच मिनिटं ते त्या खोलीत उभे होते. शर्ट पाठीला चिकटला.

"मला खरंच कल्पना नव्हती," ते म्हणाले.

"कशी ऱ्हाईल? त्या भिंतीला तुम्ही खिडकीच ठेवली न्हाई," बेबीनंदा म्हणाली.

आठवड्याभरात सगळे डबे काढून पूर्वेच्या भिंतीवर बसवले. तातेराव दुपारचा झोपू लागला. गल्लीत बायका बेबीनंदाचं कौतुक करत होत्या, तेवढ्यात पूर्वेकडच्या झोपड्यांतून द्वारकाबाई आली. बांधकामावर विटा वाहणारी म्हातारी, कडेवर नात. नातीची मान घामोळ्यांनी लाल झालेली.

"बाई, तुमच्याकडची वाफ आमच्याकडं आली," ती म्हणाली. भांडायला आली नव्हती, नुसतं सांगायला आली होती. तेच बेबीनंदाला जास्त लागलं.

"आपलं झालं ना," तातेराव हळूच म्हणाला. "कंपनीशी किती वाकडं घ्यायचं?"

"आपलं झालं म्हणून गप बसले तर मी त्या कचेरीतल्या साहेबासारखीच की."

ती तशीच उठली. आता दोन्हीकडच्या मिळून वीस बायका ऑफिसात बसल्या. कुलथे वैतागले. "तुमचं काम केलं ना आम्ही?"

"न्हाई केलं. जागा बदलली. गच्चीवर न्या."

"गच्चीवर सगळं पुन्हा जोडावं लागेल. वरून मंजुरी लागते."

"मंग घ्या. आम्ही बसलोत."

मंजुरीला नऊ दिवस लागले. नवव्या दिवशी कामगार आले आणि एकेक डबा दोराने गच्चीवर चढला. संध्याकाळी कुलथे बॅनर आणि फोटोवाला घेऊन गल्लीत आले. बॅनरवर पर्यावरणाबद्दल कंपनीची बांधिलकी असं काहीतरी छापलं होतं. बायकांनी कुलथेंना गुच्छ द्यायचा, असा बेत होता. गुच्छही कुलथेंनीच आणला होता.

बेबीनंदाने गुच्छाला हात लावला नाही.

"साहेब, एखादा दोन वर्षं आपल्या पायावर पाय देऊन उभा ऱ्हायला आन् मंग पाय उचलला, तर त्याचा सत्कार करायचा का?"

फोटोवाल्याने कॅमेरा खाली घेतला. कुलथे काहीतरी पुटपुटले आणि बॅनर गुंडाळायला सांगितलं. बेबीनंदा द्वारकाबाईकडे वळली आणि नातीच्या मानेला लावायला काय आणलं, ते विचारू लागली.