तांबडी आणि काळी

ज्योतीराम सव्विसाव्या वर्षी वायरमनचं काम शिकायला लागला. हे वय शिकायचं नाही, असं ठेकेदार उद्धवराव पहिल्याच दिवशी म्हणाले होते. पण केजकडून आलेल्या या माणसाच्या हाताला कष्टाची सवय दिसली, म्हणून त्यांनी त्याला रहिमान मिस्त्रींच्या हाताखाली दिलं. ही चोपन्न सालची गोष्ट.

तेव्हापासून जवळजवळ तीन वर्षं तो जागा बदलत राहिला. दापोडीतली लाकडाची वखार, चिंचवडची तेलाची गिरणी, पिंपरी स्टेशनाजवळची दुकानांची रांग. छिन्नीनं भिंतीला भोकं पाडायची, त्यांत लाकडी गिट्ट्या ठोकायच्या, त्यावर पट्ट्या आणि पट्ट्यांवर तारा. दिवे लागले की त्यांचं तिथलं काम संपायचं. ज्या दुकानांत त्यानं वीज नेली, त्यांतल्या एकाही दुकानात तो पुन्हा गेला नव्हता.

तीन वर्षं भरली की मिस्त्रींची चिठ्ठी घेऊन सरकारी परीक्षेला बसायचं आणि स्वतःचं लायसन काढायचं, एवढ्यासाठी तो आणि त्याची बायको शालन दापोडीच्या एका खोलीत दिवस काढत होते. चिठ्ठीला दोन महिने उरले होते, तेव्हा उद्धवरावांनी पिंपरीला एका नव्या कारखान्याच्या शेडचं काम घेतलं.

इथे तारा दुसऱ्याच टोळीनं ओढून ठेवल्या होत्या. मिस्त्रींनी ज्योतीरामला पहिल्यांदाच मोठा बोर्ड जोडायला दिला. दुपारी ते तपासायला आले आणि बोर्डासमोर बराच वेळ उभे राहिले.

"हे तू जोडलंस?"

"व्हय, मिस्त्री."

"न्यूट्रलवर तांबडी तार आहे. तिथं काळी हवी."

ज्योतीरामनं वाकून पाहिलं. "काळीच हाय की."

मिस्त्री रागावले नाहीत. त्यांनी तारांचे सात-आठ तुकडे कापले, खिडकीपाशी उजेडात फरशीवर मांडले आणि म्हणाले, "यातल्या तांबड्या उचल."

ज्योतीरामनं तीन तुकडे उचलले. त्यांतले दोन काळे होते.

"मग इतके दिवस कसं जमवलंस?"

"तुम्ही तांबडी कायम डाव्या अंगानं ओढता," तो म्हणाला. "मला वाटलं, सगळेच तसं बघून वळखतात. जुन्या तारा मळल्यात म्हणून सारख्या दिसतात, असं वाटायचं."

मिस्त्री तिथेच एका खोक्यावर बसले. "हा बोर्ड चालू केला असता, तर दिव्यांच्या तारांत दुप्पट जोर गेला असता. कुणी बटणाला हात लावला असता म्हणजे?"

"दर बारीला दिवा लावून तपासीन, मिस्त्री. तपासल्याबिगर एक तार जोडणार न्हाई."

"एखाद्या दिवशी घाई असेल. साहेब डोक्यावर उभा असेल. तेव्हा?"

ज्योतीराम फरशीवरचे तुकडे गोळा करू लागला.

"मी चिठ्ठी देणार नाही," मिस्त्री हळू आवाजात म्हणाले. "तू माझ्या भावासारखा आहेस. पण माझ्या सहीवर कुणाचा जीव जायला नको. आणि परीक्षेला साहेब हेच तुकडे पुढ्यात टाकतो रे. तिथं डावं-उजवं नसतं."

त्या संध्याकाळी त्यानं शालनला सगळं सांगितलं. तिचा विश्वास बसेना. तिनं भाजीच्या टोपलीतून एक पिकलेली मिरची आणि एक हिरवी मिरची त्याच्यासमोर धरली. तो दोन्हींकडे बघत राहिला. मग म्हणाला, "लहानपणी पिकल्या मिरच्या तोडायला पाठवलं की मी कच्च्याच तोडून आणायचो. आबा कामचुकार म्हणून चाबकानं मारायचे. मलाबी तसंच वाटायचं, की आपलं ध्यानच नसतं."

शालननं मिरच्या परत टोपलीत टाकल्या. "डोळ्याचा डॉक्टर काही देत असंल."

पुण्याच्या डॉक्टरनं काहीच दिलं नाही. हे जन्माचं आहे, एवढंच त्यानं सांगितलं. परतताना शालन म्हणाली, गावाकडे जाऊ. पण गावी भावांनी त्याला वगळून घराशेताची घडी बसवली होती, हे तिलाही ठाऊक होतं. त्यानंतर तिनं तो विषय काढला नाही.

ज्योतीरामनं दोन कारखान्यांच्या फाटकांवर नोकरीसाठी खेटे घातले. दोन्हीकडे त्याला पुढच्या महिन्यात या म्हणाले, आणि पुढच्या महिन्यातही तेच म्हणाले. मिस्त्रींनी मात्र त्याला कामावरून काढू दिलं नाही. "भोकं पाडायला याच्यासारखा माणूस मिळणार नाही," असं ते उद्धवरावांना म्हणाले. ते खरंही होतं.

पावसाळ्यानंतर चिंचवडला कापडाच्या गोदामाचं काम निघालं. कोकणातून आलेला दत्ताराम नावाचा माणूस नव्यानं शिकायला लागला होता. ज्योतीराम शिडीवर होता. खाली मिस्त्री दत्तारामला तारा दाखवत होते, ही कुठली, ती कुठली. दत्ताराम न अडखळता सांगत होता. ज्योतीरामचा हातोडा थांबला. तोही वरून पाहू लागला, आणि मनातल्या मनात त्याच्या आधी उत्तर द्यायचा प्रयत्न करू लागला. दोनदा चुकला.

मिस्त्रींनी वर पाहिलं. "ज्योतीराम, जेवणाआधी ही भिंत व्हायला हवी."

"व्हय," तो म्हणाला, आणि त्यानं छिन्नी पुढच्या खुणेवर टेकवली.