खोडलेली दुपार

पाकिटावरचा तो पुसट शिक्का... अकरा वर्षांत पद्माकरांनी या पत्राला उत्तर दिलं नव्हतं. हरवलं असतं तर बरं झालं असतं, पण दर वेळी कुठल्यातरी पुस्तकातून ते हाती यायचंच. आणि पुण्याहून मुलाकडे ड्युसेलडॉर्फला येताना तर त्यांनी स्वतःच ते बॅगेत घातलं होतं – कशासाठी, हे न विचारता.

पत्र फुमिए ओनिशींचं. नवऱ्याच्या नोकरीपायी जपानहून याच शहरात आलेल्या, शनिवारच्या शाळेत जपानी मुलांना अक्षरं गिरवायला लावणाऱ्या, आणि चाळीस वर्षं रोज एकच हायकू लिहिणाऱ्या बाई. ट्रामच्या तिकिटामागे मावेल एवढा. कॉलेजात जर्मन शिकवून निवृत्त झाल्यावर पद्माकरांनी त्यांतले साठ जर्मनवरून मराठीत आणले. आयुष्यात धीटपणे केलेलं तेवढं एकच काम, आणि त्यातच...

नवरा गेला तेव्हाचा हायकू. भर दुपार, त्याचा श्वास थांबला, इथे सिकाडाही नाही. जर्मनमध्ये त्सिकाडे, शब्दकोशात रातकिडा. पण रातकिडा दुपारी कसा ओरडेल? – म्हणून वाचकाला खटकू नये यासाठी त्यांनी दुपार खोडली आणि रात्र लिहिली. इतकं सहज. जपानमध्ये हा किडा भर उन्हात झाडावरून कान किटेपर्यंत ओरडतो, हे कुठं ठाऊक होतं... विचारता आलं असतं. मी विचारलं नाही.

'बॉनच्या एका मराठी संशोधिकेनं तुमचा अनुवाद मला उलगडून सांगितला. तुमच्या भाषेत माझे पती रात्री वारले का?' पत्रात एवढंच. राग नव्हता. रागाला काहीतरी उत्तर देता आलं असतं.

"बाबा, ओबरकासेल ट्रामनं पंधरा मिनिटं," पत्त्यावर नजर टाकत सून मैथिली म्हणाली. "पत्राला ब्रीफमार्क चिकटवत कशाला बसायचं? सरळ जाऊन बेल वाजवा."

"बेल वाजवून सांगू काय?"

"सांगा, तुमच्या यजमानांना रात्री मारणारा तो मीच." ती हसली, मग त्यांचा चेहरा पाहून थांबली. "सॉरी हं. पण लिहा आता. नव्वदीच्या असतील ना त्या?"

"एक्क्याण्णव."

"आल्झो, मग झालं तर," ती म्हणाली, आणि ड्रॉवरमधून टपालाचं तिकीट काढून तिनं त्यांच्यासमोर ठेवलं.

अकरा वर्षं मनात घोळवलेले मसुदे – वाचकाची सोय, शब्दकोशाची मर्यादा, मराठीतली अडचण – प्रत्येक वाक्य कसं पाठ होतं. कागदावर मात्र तीनच ओळी उतरल्या. तुमचे पती दुपारीच वारले. रात्र मी लिहिली. तो किडा मी कधी ऐकलेला नव्हता, आणि तुम्हाला विचारायला लाजलो.

कोपऱ्यावरच्या पिवळ्या पेटीत पाकीट अर्धं आत गेलं, बोटं आखडली... सुटलं. आता मनातलं समर्थन सुरू होईल म्हणून ते तसेच उभे राहिले. काहीच आलं नाही. उलट वाटलं, बाईंनी रागवावं; सडकून, पानभर, हवं तर जपानीतसुद्धा... तेवढं त्राण त्यांच्या अंगात अजून असावं.