बासष्टाव्या किलोमीटरची एकादशी

आमच्या घरात गॅसचा सिलिंडरसुद्धा पंचांग बघून मागवतात, आणि मी बया शंभर किलोमीटरच्या सायकल रेसला नाव घालून बसले ते न बघता! आठ महिने तालीम केली. पहाटे उठून तुरहळ्ळीच्या जंगलातल्या दगडांवर गुडघे फोडून घेतले. आणि रेसला तीन दिवस उरले असताना सासऱ्यांनी कॉफीचा लोटा खाली ठेवत विचारलं, “रविवारी एकादशी आहे, ठाऊक आहे ना ग?”

माझे सासरे भीमाचार्य, वय चौऱ्याहत्तर. मी त्यांना मामा म्हणते. पन्नास वर्षांत त्यांनी एक एकादशी मोडलेली नाही. आणि आमची एकादशी म्हणजे पुण्याकडची साबुदाण्याची नव्हे. काही म्हणजे काही खायचं नाही, पाणीसुद्धा नाही.

“अय्यो मामा, शंभर किलोमीटर आहेत! ते पण डोंगरातून!”

“पाणी पी. आजारी, बाळंतीण आणि सायकलवाली, तिघींना पाणी चालतं.”

“हे कुठल्या ग्रंथात लिहिलंय?”

“आत्ताच लिहिलं,” ते म्हणाले आणि लोटा उचलून आत गेले.

रेस सोडून देता आली असती, पण माझी जीभ आडवी आली. गेल्या वर्षी बासष्टाव्या किलोमीटरला उशीर झाला म्हणून मला सायकलसकट टेम्पोत घालून परत आणलं होतं. त्यावर माझा नवरा जयतीर्थ महिनाभर, भाजी आणायला निघाले तरी, “टेम्पो सांगू का?” म्हणून विचारायचा. एके दिवशी माझं डोकं फिरलं आणि सगळ्यांसमोर बोलून गेले, “पुढच्या वर्षी शंभर पुरे केले नाहीत तर सायकलला हात लावणार नाही!” बोलले खरी. पण चाळीस वर्षांत फक्त माझी म्हणावी अशी ती एकच गोष्ट मला मिळाली होती, आणि ती जाईल या भीतीनं मला झोप येईना.

त्यात शेजारची सुप्रीता. तीही रेसमध्ये. तिचे सासरे गुरुराज आणि आमचे मामा जुने दोस्त, पण त्यांचा मठ वेगळा, आमचा वेगळा. दोन्ही पंचांगांची गणितं वेगळी, म्हणून कधीकधी एकादशी एक दिवस मागेपुढे होते. यावेळी आमची रविवारी, त्यांची सोमवारी. कुणाचं गणित बरोबर यावर हे दोघं तीस वर्षं बागेतल्या बाकावर भांडतायत. आणि सुप्रीता मला काय म्हणाली? “रंजिताक्का, तुझ्या वाटचं केळं मी खाईन हं!”

मी म्हटलं, थांब. एकादशी देवाची असेल, मांड्या माझ्या आहेत. शनिवारी सायकलच्या सीटखालच्या पिशवीत, पंक्चरच्या सामानाखाली, मी अकरा खजूर लपवले.

रविवारी पहाटे मामा आमच्याआधी गाडीत बसलेले. “मी बासष्टला खुर्ची टाकून बसतो,” म्हणाले. “लक्ष ठेवायला.”

सहाला रेस सुटली. पहिले तीस किलोमीटर झकास गेले. नंदी बेट्टाच्या डोंगरामागे, कुणी बघत नाही असं पाहून मी पिशवी उघडली. खजूर नाहीत! त्यांच्या जागी घडी घातलेला कागद, त्यावर मामांचं टपोरं अक्षर: ‘श्रीहरी बघतोय. मीही.’

मेल्या त्या कागदाचा इतका राग आला की पुढचे दहा किलोमीटर मी नुसत्या रागावर काढले. मग राग संपला आणि भूक लागली. पन्नासच्या पुढे खाली उतरावं लागलं. चढावर सायकल ढकलत होते, आणि रागीच्या शेताकडेच्या बुजगावण्याला मी चक्क “स्वल्प सरका हो” म्हणाले.

बासष्टला पोहोचले तेव्हा अकराला दहा कमी. अकराला पुढची वाट बंद. केळ्यांच्या टेबलाशेजारी लाल खुर्चीत मामा, एक हात जुब्ब्याच्या खिशात, तोंड उतरलेलं. बाजूला गुरुराज, एकदम खुशीत, कारण सुप्रीता केव्हाच पुढे गेली होती. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी, शिवलीला त्यांचं नाव, माझे डोळे पाहिले, नाडी पाहिली. “सकाळपासून काय खाल्लंय?”

“एकादशी आहे.”

“खाल्ल्याशिवाय मी सोडणार नाही. नाहीतर टेम्पोत बसा.”

टेम्पो तिथेच उभा होता. तोच, गेल्या वर्षीचा! माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. केळी हाताच्या अंतरावर होती. पण चोरून खाणं वेगळं. मामांच्या तोंडावर केळं सोलायला माझा हात उचलेना.

“मामा, मी काय करू?”

मामांनी माझ्याकडे पाहिलं नाही. गुरुराजांकडे वळले. “तुमची एकादशी कधी?”

“उद्या,” गुरुराज म्हणाले. “आणि उद्याच बरोबर आहे.”

मामा म्हणाले, “सरी, ठीक आहे. आजच्या दिवस तुमचं गणित बरोबर.” मग माझ्यावर खेकसले, “बघतेस काय ग? खा!”

गुरुराजांचा आ वासला तो वासलेलाच राहिला. मी तीन केळी आणि दोन उकडलेले बटाटे जवळजवळ न चावता गिळले. अकराला दोन मिनिटं असताना डॉक्टरीणबाईंनी मान हलवली आणि मी सुटले.

शेवटची वेळ दोनची होती. मी एक चोपन्नला पोहोचले. जयतीर्थ पाण्याची बाटली घेऊन उभा होता. म्हटलं, “टेम्पो आणलायस का?”  बिचाऱ्यानं सायकल मला पुसूही दिली नाही, स्वतः पुसली.

सोमवारी त्या दुसऱ्या पंचांगाची एकादशी मला करावी लागली. मांड्या ठणकत होत्या, पोटात कावळे कोकलत होते. पण सोबतीला मामाही जेवले नाहीत. चौऱ्याहत्तरावं वर्ष आणि लागोपाठ दोन उपास! सासूबाईंनी फोन करून धारवाडपर्यंतच्या सगळ्या नातेवाइकांना कळवलं. गुरुराज येऊन नमस्कार करून गेले. मामा मान खाली घालून बसले होते, आणि मला इतकं भरून आलं की त्या कागदाबद्दल मी त्यांना माफ करून टाकलं.

संध्याकाळी मशीनला कपडे लावताना मी सवयीनं त्यांच्या रविवारच्या जुब्ब्याचा खिसा तपासला. आत रुमालाची गाठ. सोडली, तर खजुराच्या सात बिया.

मी बिया तळहातावर घेऊन व्हरांड्यात गेले. मामांनी आधी बिया पाहिल्या, मग आत सासूबाई कुठे आहेत ते पाहिलं.

“तू दहाला येते म्हणाली होतीस,” ते हळूच म्हणाले. “दहा वाजले, सव्वादहा झाले, साडेदहा झाले. तिकडे एकेक जण पडून हात-पाय मोडून येतायत. तुझा पत्ता नाही. हात खिशात होता ग. तोंडात कधी गेले ते कळलंच नाही.”

मी हसू दाबत बिया परत रुमालात बांधल्या. “आणि उरलेले चार?”

“उद्या, द्वादशीला. दोन तुला, दोन मला.”

“मामा, पुढच्या वर्षी नाव घालताना पंचांग बघायचं ना?”

“बघायचं म्हणजे काय!” मामा म्हणाले. “दोन्ही बघायची.”