शर्यतीकडे पाठ

शहीराच्या नकाशात कैरोची घोड्यांच्या शर्यतीची तीन मैदानं होती. तिन्ही नाहीशी झालेली! एकावर इमारती चढल्या, एकावरून रस्ता गेला आणि तिसऱ्याची बाग झाली, थेट तिच्या शाळेसमोर. प्रत्येक मैदानावर तिने झोकात लाल बाण काढला होता. प्रेक्षकांच्या स्टँडमधून बघितलं तर घोडे डावीकडून उजवीकडे.

"हे कोणी सांगितलं?" इतिहासाच्या मिस रागियांनी विचारलं.

"टीव्हीवर तसेच पळतात, मिस."

"टीव्हीवर मीही सडपातळ दिसेन. गुरुवारपर्यंत पुरावा आण, नाहीतर शाळेच्या प्रदर्शनाच्या भिंतीवर दुसऱ्या कुणाचा तरी नकाशा लागेल."

दुसऱ्या कुणाचा? छे! शाळा सुटली तशी शहीरा धावत बागेच्या फाटकाशी गेली. तिथे तिरमिसचे खारट दाणे विकणारे अम्मो बयूमी, म्हणजे सगळ्या पोरांचे बयूमीकाका, तरुणपणी याच मैदानावर मोतद्दार होते.

"अम्मो, घोडे कुठून कुठे पळायचे?"

"उजवीकडून यायचे, डावीकडे जायचे," म्हातारबुवा पटकन म्हणाले. "शर्यत संपायचा खांब डाव्या टोकाला. त्याच्या पुढे दगडी हौद. जिंकलेला असो की हरलेला, घोडा तिथेच यायचा पाणी प्यायला."

शहीराने तिथल्या तिथे तिन्ही बाण खोडून उलटे काढले आणि हौद शोधायला पळाली. बागेत स्टँडची एक लांब भिंत अजून उभी होती. तिच्या अलीकडे, मैदान होतं त्या हिरवळीवर उभं राहून तिने मनात स्टँडमधला प्रेक्षक उभा केला, त्याचा डावा हात कुठे येतो ते ठरवलं आणि तिथली झुडपं उपसली. काय मिळालं? एक फुटका झोपाळा आणि तीन चिडलेल्या मांजरी.

"अम्मो, फसवलंत मला! नुसती मांजरं आहेत तिथे!"

"मी फसवलं? अगं, सतरा वर्षं घोडे धुतलेत मी तिथे! चल, धर हात."

त्यांचे गुडघे कुरकुरत होते. भिंतीपाशी पोचायला चांगली वीस मिनिटं लागली. धापा टाकत अम्मो भिंतीच्या मागच्या बाजूला गेले आणि टेकून खाली बसले.

शहीरा बघतच राहिली. "इथे बसायचात? मैदानाकडे पाठ करून?"

"मग? पुढच्या शर्यतीचे घोडे इथे समोर बांधलेले असायचे. मोतद्दार शर्यत बघत बसला, तर घोड्याकडे कोण बघणार, तुझा आजा?"

"म्हणजे तुम्ही शर्यत कधी पाहिलीच नाहीत?"

"ऐकली की! टापा या कानातून आत," त्यांनी उजव्या कानावर बोट ठेवलं, "आणि या कानातून बाहेर. मग वर आरडाओरडा."

शहीराही धपकन त्यांच्या शेजारी बसली. पाठ भिंतीला, डोळे मिटून. उजवा कान... डावा कान... आणि ती ताडकन उठली. "अम्मो! तुमची डावी बाजू म्हणजे प्रेक्षकांची उजवी!"

"मग मी काय प्रेक्षक होतो?"

ती भिंतीच्या दुसऱ्या टोकाला सुसाट गेली. तिथे झेंडूने भरलेला एक लांबलचक दगडी वाफा होता. बाहेरचा पालापाचोळा बाजूला केला, तर दगडाच्या तळाशी पाणी जायचं भोक! दगडाची कड घोड्यांच्या माना घासून गुळगुळीत झालेली. अम्मो हळूहळू आले आणि त्यांनी त्या कडेवर हात फिरवला.

गुरुवारी सकाळी मिस रागिया स्वतः हौद बघून आल्या.

"म्हणजे माझा पहिलाच बाण बरोबर होता, मिस!"

"होता. पण तुला ठाऊक होतं का?"

शहीराने नकाशा पुढे ओढला. मग लाल पेन काढलं. बागेवरचा उलटा बाण खोडून पुन्हा डावीकडून उजवीकडे ठसठशीत बाण काढला, बाकीच्या दोन मैदानांवरचे खोडले आणि तिथे दोन मोठाली प्रश्नचिन्हं टाकली.

"लाव भिंतीवर," मिस म्हणाल्या.

नकाशा लागला. शहीरा मात्र तिथे थांबलीच नाही. इमारतींखालच्या मैदानावरचा कुणी मोतद्दार अजून आहे का, हे अम्मोंना विचारायला ती केव्हाच फाटकाकडे पळाली होती.